ओट्यावर राहिलेला फिरकीचा तांब्या

मित्रांनो, मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखा तांब्या पाहिलाही नसेल. मी पितळेचा आहे. माझ्या तोंडाला आटे आहेत. झाकण फिरवून बसवले की पाण्याचा एक थेंब सांडत नाही. झाकणाला हातात धरायला कडी आहे. प्रवासात माणसाबरोबर पाणी न्यायचे, एवढेच माझे काम. ज्यांच्यासाठी मी विकत घेतला गेलो, त्यांच्यासाठी हे काम मी एका रविवारी शेवटचे केले. तो शेवटचा दिवस आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते. मी नेहमीसारखा ओट्यावर उभा होतो आणि चुलीवर, म्हणजे आताच्या गॅसवर, पाणी उकळत होते.

जुन्नरच्या पेठेत मिश्रीलाल शेठजींचे कापडाचे दुकान आहे, आणि दुकानाच्या मागे घर. त्यांचे पणजोबा राजस्थानातून इथे आले. शेठजींना मात्र मारवाडीपेक्षा मराठीच सोपी जायची. त्यांची मुलगी हर्षा घोडेगावला शाळेत शिकवते. दर रविवारी ती दहा वर्षांच्या सिद्धीला घेऊन माहेरी यायची आणि पर्स खांद्यावरून काढायच्या आधी स्वयंपाकघरात शिरायची. फडक्यातून पाणी गाळायचे, उकळायचे, परातीत गार करायचे आणि माझ्यात भरायचे. त्या रविवारीही तिने तेच केले.

"तिसरी उकळी आली का गं?" शेठजींनी बाहेरून विचारले.

"आली, पप्पा."

"मग पक्कं झालं. पक्कं पाणी, पक्का माणूस."

"पक्का माणूस असता तर डॉक्टरांचं ऐकलं असतं," उगमबाई म्हणाल्या. त्या शेठजींच्या पत्नी. त्यांचे टोमणे पोळीच्या लाटण्याबरोबर फिरत असत, थांबत नसत.

"ऐकतो की! डॉक्टर बोलतात तेव्हा मी मधे बोलतो का कधी?"

सिद्धी खळखळून हसली. हर्षा हसली नाही. तिने माझे झाकण घट्ट केले, इतके घट्ट की माझे आटे करकरले.

हे घट्ट करणे कुठून आले, ते सांगायचे तर मला मागे जावे लागेल.

शेठजींच्या लग्नाच्या वर्षी जुन्नरच्याच एका कारागिराने मला घडवले. त्याने मला ठोकले, घासले, आतून कल्हई लावली आणि उन्हात ठेवले. मी इतका चकाकलो की रस्त्याने जाणारी माणसे डोळ्यांवर हात धरू लागली. शेठजी तेव्हा तरुण होते. पाठीवर कापडाचे गठ्ठे घेऊन ते एस.टी.ने डोंगराकडच्या गावांना जात. घाटघरपर्यंत मी त्यांच्याबरोबर गेलो आहे. ते मला मांडीवर धरून बसत आणि पाणी पिताना तोंडापासून वीतभर उंच धरत. माझी धार त्यांच्या घशात पडताना जो आवाज होई, तो मला फार आवडायचा.

पुढे हर्षा तिसरीत असताना पेठेत एका महाराजसाहेबांचा, म्हणजे जैन मुनींचा, चातुर्मास झाला. शेठजींनी त्यांच्यापुढे हात जोडून एक नियम घेतला. घराबाहेर कच्चे पाणी प्यायचे नाही. कच्चे म्हणजे न उकळलेले. जैन घरांतून असा नियम घेणारी माणसे असतात. पाण्यातल्या बारीक जिवांची काळजी म्हणून ते पाणी उकळूनच पितात. नियम शेठजींनी घेतला, पण मान वाढला माझा. माझ्याशिवाय ते उंबरा ओलांडेनासे झाले.

दुकानात डिंगोऱ्याचे हौशीराम येऊन बसत. शेतकरी माणूस, शेठजींच्याच वयाचा. ते मला बघून म्हणत, "शेठ, ह्या तांब्याला तुमी लई जपता राव. लग्नात नवरदेवाला बी येवढं कुणी सांभाळत न्हाई."

"नवरदेव बदलता येतो, हौशीराम. तांब्या कुठून आणू?"

माझ्या पोटावर एक पोचा आहे. तोही त्याच काळातला. घाटघरच्या वाटेवर एकदा एस.टी. बंद पडली. चैत्राचे ऊन होते. गाडीत घाटघरची ठमाबाई नावाची एक बाई मांडीवर तापलेले मूल घेऊन बसली होती. शेठजींनी मला पूर्ण त्या मुलासाठी रिकामे केले. धावपळीत मी हातातून सुटलो आणि दगडावर आपटलो. शेठजी स्वतः संध्याकाळपर्यंत तहानलेले राहिले, कारण वाटेवरच्या झऱ्याचे पाणी कच्चे होते.

पुढच्या खेपेला ठमाबाई वाटच बघत होती. "शेठ, आमचं पाणी तुमाला चालत न्हाई व्हय? द्या तो तांब्या." तिने चुलीवर पाणी खळखळून उकळले, गार केले आणि मला भरून दिले. "घ्या. आता काय खोट काढताय त्यात?" त्यानंतर घाटघरला शेठजी कधी तहानलेले राहिले नाहीत. मित्रांनो, ही साधी गोष्ट ध्यानात ठेवा. ठमाबाईने विचारले, आणि पाणी मिळाले.

वर्षे गेली. डोंगरातली माणसेच बाजाराला जुन्नरला येऊ लागली आणि शेठजींचे फिरणे थांबले. हर्षा शिकली, लग्न करून घोडेगावला गेली, तिला तिथे शाळेत नोकरी लागली. त्याच सुमारास नारायणगावजवळ हायवेला एक बर्गर-पिझ्झाचे हॉटेल निघाले. थंडगार हवा, काचेची दारे, रंगीत खुर्च्या. पहिल्या पगाराच्या रविवारी हर्षाने शाळेतल्या सहा-सात जणांना तिथे बोलावले, आणि पप्पांनाही.

त्या सकाळी उगमबाईंनी मला भरून कापडी पिशवीत ठेवले होते. हर्षा वडिलांना न्यायला आली. ती स्वयंपाकघरात एकटीच होती. तिने पिशवीत डोकावून मला पाहिले. माझा पोचा पाहिला, माझ्या गळ्याशी चिंचेने घासूनही न निघालेला काळा डाग पाहिला. मग तिने दाराकडे एकदा बघितले, मला बाहेर काढले आणि ओट्यावर पिठाच्या डब्याआड ठेवले. पिशवीची घडी घातली. बाहेरून गाडीचा आवाज आला.

मी हाक मारू शकलो असतो तर! मी पाण्याने काठोकाठ भरलेला होतो. मी निघायला तयार होतो.

तिथे काय झाले ते मी नंतर शेठजींच्याच तोंडून ऐकले, एकदा नाही, शंभरदा. टेबलाशी बसल्यावर त्यांना तहान लागली. हर्षा म्हणाली, "अगंबाई! पप्पा, तांब्या विसरलाच की." हॉटेलच्या जगमधले पाणी कच्चे. मग तिच्या शाळेतल्या कुणीतरी त्यांच्यापुढे मोठा ग्लास सरकवला, काळ्या, गोड, फसफसणाऱ्या सोड्याचा. शेठजींनी विचार केला. साखर पडली की पाणी कच्चे राहत नाही, असे त्यांनी कधीतरी ऐकले होते. यात तर साखर होती, रंग होता, गॅस होता. त्यांनी एक घोट घेतला. मग दुसरा.

त्या संध्याकाळी उगमबाईंनी पीठ काढायला डबा पुढे ओढला आणि मी त्यांना दिसलो. मग माझ्यातले पाणी त्यांनी तुळशीला घातले. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

मित्रांनो, माणसाची सवय पाण्यासारखी असते. उतार सापडला की ती खाली जाते. शेठजी आधी महिन्याने, मग आठवड्याने, मग दर गुरुवारी माल आणायला निघाले की त्या हॉटेलात थांबू लागले. कांदा-लसूण-बटाटा नसलेला पनीरचा बर्गर आणि मोठा काळा ग्लास. तिथे पाणी फुकट मिळत असे, पण त्याला ते हात लावत नसत. नियम होता ना!

"कांदा चालत नाही, लसूण चालत नाही, आणि ते काळं पाणी चालतं!" उगमबाई म्हणायच्या.

"साखर घातली, मसाला घातला, वर गॅस भरला. आता ते पाणी कच्चं कुठं राहिलं?"

"मग महाराजसाहेबांनाच विचारा ना एकदा."

त्यांनी कधीच विचारले नाही. विचारले तर उत्तर काय येईल, हे त्यांनाही कळत असावे. थोड्याच दिवसांत दोन-दोन लिटरच्या बाटल्या घरच्या फ्रिजमध्ये आल्या. मी माळ्यावर गेलो. दिवाळीच्या पणत्या आणि एक मोडका पंखा माझ्या शेजारी होता. माझी कल्हई उडाली. आतून मी हिरवा पडलो. खालून त्यांचे हसणे ऐकू यायचे आणि बाटलीचे झाकण उघडताना होणारा तो फस्स असा आवाज. मला वाटायचे, माझी आठवण कुणाला तरी येईल. सहा-सात वर्षे गेली आणि आली नाही.

आली ती वाईट कारणाने आली. शेठजींच्या पायाच्या अंगठ्याला चप्पल लागली आणि जखम दोन महिने भरेना. रक्त तपासले, तर साखर इतकी वाढलेली की डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला. किती दिवसांपासून वाढत होती कोण जाणे. गोळ्या लिहिल्या, चालायला सांगितले. "आणि ते कोल्ड्रिंक आजपासून बंद," डॉक्टर म्हणाले.

त्याच दिवशी हर्षा शिडी लावून माळ्यावर चढली. धुळीत हात घालून तिने मला शोधले आणि बाहेर काढून छातीशी धरले. तिच्या साडीला हिरवे डाग पडले, तिकडे तिचे लक्षही नव्हते. ती मला घेऊन जानकू कल्हईवाल्याकडे गेली.

"बाई, आता कल्हई कोन लावतंय?" जानकू म्हणाला. "वर्साला चार भांडी येत्यात. हे पाचवं."

"चांगली लावा, काका. पैशाचं बघू नका. आजच पाहिजे."

"येवढी काय घाई हाय?"

हर्षा भात्याशेजारी उभी राहून मला तापताना बघत होती.

मी पुन्हा नवा झालो. पण मित्रांनो, नवा तांब्या आणि जुनी सवय यांची झुंज सोपी नसते. शेठजी रविवारी हर्षापुढे माझे पाणी पीत आणि सोमवारी दुकानात गल्ल्याखाली बाटली ठेवत. हर्षाने बाटल्या मोरीत ओतल्या. हौशीरामांना शेठजींवर लक्ष ठेवायला सांगितले. ते बिचारे म्हणाले, "पोरी, मी नको म्हनलं की मलाच अर्धा गलास देतोय. मी काय करू, तूच सांग." तिने विनवले, रुसली, महिनाभर जेवायला आली नाही. एकदा ती दुकानात गिऱ्हाईकांसमोर ओरडली. "पप्पा, सिद्धीचं लग्न बघायचं नाही का तुम्हाला?"

शेठजी दचकले. मग नेहमीसारखे हसले. "अगं, सवय तूच लावलीस ना? तू तांब्या विसरलीस म्हणून ही चव लागली मला. आता तूच ओरड!" आणि गिऱ्हाईकाकडे वळून ते ती सगळी गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगू लागले.

ते हे प्रेमाने सांगत. तो त्यांचा आवडता किस्सा होता. पाहुण्यांना, व्याह्यांना, डॉक्टरांना, सगळ्यांना त्यांनी तो सांगितला. दर वेळी हर्षाचा चेहरा माझ्या पितळेत मला दिसायचा. ती हसायची, आणि तिचा हात माझ्या कडीवर आवळला जायचा. खरे काय ते दोघांनाच माहीत आहे असे मला वाटायचे, तिला आणि मला. आणि मी तर धातू.

आता त्या रविवारकडे येतो.

दुपारी आम्ही निघालो. सिद्धीला त्याच हॉटेलात जायचे होते. टेबलाच्या बरोबर मध्ये हर्षाने मला ठेवले. आजूबाजूची माणसे वळून बघू लागली. एका मुलाने माझा फोटोही काढला. हर्षाला त्याचे काही वाटले नाही. अकरा वर्षे उशिरा तिला त्याचे काही वाटले नाही.

काउंटरवर वृषाली नावाची मुलगी काम करते. ती हाक मारून म्हणाली, "आजोबा, नेहमीचंच ना?"

"नेहमीचंच!"

"पप्पा," हर्षा म्हणाली, "तांब्या आहे ना समोर."

"आहे ना. हा सिद्धीला." त्यांनी माझे झाकण उघडले आणि सिद्धीच्या ग्लासात पाणी ओतले. "बेटा, तू पाणी पी. पाण्यासारखं दुसरं काही नाही."

"मग तुम्ही का नाही पीत, नानाजी?"

"माझं वय झालं. मला आता सगळं माफ."

हर्षाने टेबलाची कड धरली. "पप्पा, एक सांगायचंय. त्या दिवशी, पहिल्यांदा आपण इथं आलो ना, तेव्हा मी..."

तेवढ्यात वृषाली ट्रे घेऊन आली. "आजोबा, तांब्या लई भारी आहे तुमचा!"

झाले. शेठजींना किस्सा सांगायला नवीन माणूस मिळाले. "ह्या तांब्याचीच तर गंमत आहे. आमची हर्षा एकदा हा विसरली..." वृषाली हसली, सिद्धी हसली, शेजारच्या टेबलावरचे हसले. हर्षाही हसली. तिचे वाक्य तिथेच राहिले, आणि मोठा काळा ग्लास हळूहळू रिकामा झाला.

परतताना शेठजींनी गाडीत मला मांडीवर घेतले, जुन्या एस.टी.तल्यासारखे. त्यांचा अंगठा माझ्या पोच्यावरून फिरत होता. खिडकीतून बघत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी नुसतं पाणी. बस्स. हे शेवटचं."

सोमवारी सकाळी दुकानाचे शटर अर्धे उचलले असताना ते खाली बसले. हौशीराम बाजाराला आले होते, त्यांनीच धावत येऊन डोके मांडीवर घेतले. "तांब्या आना! पानी आना!" ते ओरडत होते. उगमबाईंनी मला आणले. मी भरलेला होतो. हौशीरामांनी ओठांना पाणी लावले, पण ते आत गेले नाही.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडले. वाढलेल्या साखरेने ते बऱ्याच वर्षांपासून पोखरले असावे. एका ग्लासाने झाले का? डॉक्टर म्हणाले, असे कुणी सांगू शकत नाही. हर्षाने ते दोन-तीनदा विचारले. उत्तर दर वेळी तेच आले. उठावण्याला, म्हणजे शोकसभेला, आलेली माणसे शेठजींचे किस्से सांगत होती, आणि कुणीतरी तोही सांगितला.

त्यानंतर हर्षाने मला घासले नाही. दर रविवारी ती यायची, पाणी गाळायची, उकळायची, माझ्यात भरायची आणि मला ओट्यावर ठेवून द्यायची. संध्याकाळी उगमबाई ते तुळशीला घालायच्या. पिणारे कुणी नव्हते. मी निरुपयोगी झालो असतो तर बरे होते, माळा मला ठाऊक होता. भरून ठेवणे आणि न पिणे, हे मला सहन होत नव्हते.

तीन महिन्यांनी सिद्धी म्हणाली, "मम्मा, नानाजींच्या हॉटेलात जाऊ या ना." हर्षा नको म्हणणार होती. पण उगमबाईच म्हणाल्या, "जाऊ या." आणि मला पिशवीत ठेवले.

आम्ही त्याच टेबलाशी बसलो. चौथी खुर्ची मोकळी राहिली. वृषाली लांबूनच हसत आली. "आजोबा कुठायत?"

उगमबाईंनी सांगितले. वृषाली खालीच बसली. थोड्या वेळाने डोळे पुसत म्हणाली, "लई चांगले होते हो. मी इतकं पाणी पुढं करायचे, तर हात जोडायचे. पाणी का घेत नव्हते ते?"

"बाहेर उकळलेलंच पाणी चालायचं त्यांना," उगमबाई म्हणाल्या.

"एवढंच?" वृषालीचा आवाज बारीक झाला. "अहो आजी, मग सांगायचं ना! कॉफीच्या मशीनला खळखळतं पाणी येतं की. मीच लावते सकाळी मशीन. दोन ग्लास रोज गार करून ठेवले असते आजोबांसाठी."

काउंटरमागे ते मशीन वाफ सोडत होते. अकरा वर्षे ते तिथेच होते. ठमाबाईने एकदा विचारले होते. इथे कुणी मागितलेच नाही.

मित्रांनो, मी एक भांडे आहे. मला माणसांना थांबवता येत नाही. पण तुमच्यापाशी हात जोडतो, मला हात नाहीत तरी जोडतो. तुम्ही अशा हॉटेलात जाल तेव्हा पाणी मागा. तुमचा काही नियम असेल तर तो सांगा, लाजू नका. मोठा रंगीत ग्लास कुणी तुमच्या आजोबांपुढे सरकवत असेल, तर तो हसत हसत बाजूला करा, पहिल्याच दिवशी करा. आणि घरातले जुने भांडे बरोबर न्यायची लाज वाटली, तर निदान घरी येऊन तसे सांगा. पाणी शिळे झाले तर ओतून टाकता येते. न बोललेले वाक्य ओतून टाकता येत नाही.

सिद्धी काउंटरकडे बघत हळूच म्हणाली, "मम्मा, मला नानाजींचा ग्लास पाहिजे. तो मोठा काळा. आज एकदाच."

हर्षाने माझे झाकण फिरवले. माझे आटे सुरळीत सुटले. तिने सिद्धीला पाणी दिले, आईला दिले, आणि तिसरा ग्लास भरून मोकळ्या खुर्चीपुढे ठेवला. सिद्धीने एकदा आईकडे पाहिले आणि पाणी प्यायला सुरुवात केली. उगमबाईंनी आपला हात हर्षाच्या पाठीवर ठेवला. त्यांना बहुधा सगळे माहीत होते. डबा त्यांनीच तर पुढे ओढला होता.

मग हर्षा त्या खुर्चीकडे बघून बोलली. वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचावा, असा तिचा आवाज होता.

"पप्पा, त्या दिवशी तांब्या मी विसरले नव्हते. मम्मीनं पिशवीत ठेवलेला मी बाहेर काढला आणि पिठाच्या डब्याआड लपवला. शाळेतल्या लोकांपुढं मला लाज वाटली. त्याची, आणि तुमचीसुद्धा. तुम्ही अकरा वर्षं ती गोष्ट हसून सांगितलीत आणि मी अकरा वर्षं हसले. मी विसरले नव्हते, पप्पा."